चेक इंजिनचा पिवळा दिवा का लागतो? पालघर-बोईसरच्या रस्त्यांवरचा एक विज्ञानपाठ



शाळा सुटायच्या वेळी पालघर किंवा बोईसरमधल्या कुठल्याही शाळेच्या गेटबाहेर उभे राहा. रिक्षा, शाळेच्या व्हॅन, पालकांच्या गाड्या यांची गर्दी असते. सहज दोन-चार गाड्यांच्या डॅशबोर्डवर नजर टाका. एखाद्या तरी गाडीत इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लागलेला दिसेल. विचारलं तर बहुतेक वेळा उत्तर येतं, "तो असाच लागतो. गाडी चालते ना!"

गाडी चालते हे खरं. पण त्याच गाडीत आपली मुलं बसतात, वाघोबा खिंड चढून मनोरला जातात किंवा चिल्हार फाट्यावरून महामार्गाला लागतात. म्हणून हा दिवा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे आपल्याला माहीत हवं. शिवाय आठवी ते दहावीच्या विज्ञानातल्या किती तरी गोष्टी या एका दिव्यामागे एकत्र येतात. आजचा लेख दोन्हींसाठी आहे.

१. हा दिवा मुळात आला कुठून?

पुष्कळांना वाटतं की इंजिन बिघडलं की हा दिवा लागतो. खरं तर त्याचा जन्म हवेच्या प्रदूषणातून झाला. गाडी जुनी होत गेली की ती जास्त घाण वायू सोडायला लागते, पण चालवणाऱ्याला ते कळत नाही. म्हणून गाडीनेच स्वतःवर लक्ष ठेवावं, असा नियम आधी अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात आला. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या कारना 'ओबीडी-२' ही पद्धत सक्तीची झाली. ओबीडी म्हणजे ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्स, सोप्या मराठीत गाडीतच बसवलेली तपासणी.

आपल्याकडे बीएस-४ च्या नियमांबरोबर एप्रिल २०१० पासून ओबीडीचा पहिला टप्पा आणि एप्रिल २०१३ पासून दुसरा टप्पा आला. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आल्यावर ही तपासणी आणखी कडक झाली. म्हणजे आज रस्त्यावर असलेल्या बहुतेक कार आणि व्हॅनमध्ये हा दिवा आहे.

तारापूर एमआयडीसीच्या शेजारी राहणाऱ्या आपल्या मुलांना हवेचं प्रदूषण वेगळं समजावून सांगावं लागत नाही. 'धूर फक्त कारखान्याच्या चिमणीतून येतो का?' एवढा प्रश्न विचारला की ती स्वतःच सायलेन्सरकडे बोट दाखवतात. पाठाची सुरुवात तिथूनच करता येईल.

२. दिवा लागतो तेव्हा आत काय घडतं?

गाडीत एक छोटा संगणक असतो, त्याला ईसीयू म्हणतात. इंजिनवर बसवलेले सेन्सर त्याला सतत माहिती देत असतात : पाणी (कूलंट) किती तापलं, हवा किती आत आली, इंजिन किती वेगाने फिरतंय, धुरात ऑक्सिजन किती उरला. मिळालेली माहिती ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली की ईसीयू एक कोड नोंदवतो. बहुतेक दोषांसाठी तो लगेच दिवा लावत नाही. सलग दोन फेऱ्यांत तोच दोष दिसला की मग लावतो. एखादा चुकीचा आकडा एकदाच आला तर उगीच घाबरवायचं नाही, हा त्यामागचा विचार.

दोष गेला आणि सलग तीन फेऱ्या नीट गेल्या की दिवा आपोआप विझतो. पण कोडची नोंद लगेच पुसली जात नाही. इंजिन साधारण ४० वेळा तापून थंड होईपर्यंत ती स्मृतीत राहते. त्यामुळे "दिवा लागला होता, पण गेला" असं कुणी म्हणालं तरी स्कॅनर लावून पाहता येतं.

चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी हा दिवा लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. चावी फिरवूनही तो लागत नसेल तर खूश होऊ नका. दिवा गेलेला असेल, नाहीतर कुणीतरी तो काढून टाकला असेल.

३. स्थिर दिवा आणि लुकलुकणारा दिवा

हा फरक प्रत्येक पालकाने आणि व्हॅन चालवणाऱ्याने पाठ करावा असा आहे.

- पिवळा दिवा स्थिर आहे, गाडी नीट चालतेय : जपून चालवत घरी किंवा गॅरेजला जा. एक-दोन दिवसांत तपासून घ्या.
- पिवळा दिवा लुकलुकतोय, गाडी धक्के देतेय : सिलिंडरमध्ये ठिणगी किंवा ज्वलन चुकतंय (मिसफायर). ॲक्सिलरेटर सोडा, वेग कमी करा, सुरक्षित जागा बघून थांबा.
- दिवा लाल आहे : तेलाच्या कुपीचं किंवा थर्मामीटरचं लाल चित्र म्हणजे चेक इंजिन नव्हे. ऑइलचा दाब गेला किंवा इंजिन अति तापलं, असा त्याचा अर्थ. लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करा.

४. नेहमीची कारणं, आपल्या भागातल्या परिस्थितीनुसार

*(अ) स्पार्क प्लग आणि इग्निशन कॉइल.* बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइलमध्ये वाढून हजारो व्होल्ट होतात आणि प्लगमध्ये ठिणगी पडते. प्लग झिजला किंवा कॉइलला तडा गेला की ठिणगी चुकते. सपाट रस्त्यावर ते जाणवत नाही. भरलेली व्हॅन वाघोबा खिंडीचा चढ चढायला लागली की जाणवतं, कारण भार वाढला की ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. कोड साधारण पी ०३०० पासून पुढचे असतात. पी ०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी ०३०२ म्हणजे दुसरा.

*(आ) ऑक्सिजन सेन्सर.* सायलेन्सरच्या नळीत बसवलेला हा सेन्सर धुरातला ऑक्सिजन ओळखतो. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने एका भागाला सुमारे १४.७ भाग हवा लागते. हवा जास्त झाली की सेन्सरचं व्होल्टेज ०.१ च्या आसपास उतरतं, पेट्रोल जास्त झालं की ०.९ च्या आसपास चढतं. त्यावरून ईसीयू पेट्रोल कमी-जास्त करतो. सेन्सर म्हातारा झाला की तो सुस्त होतो आणि गाडी जास्त पेट्रोल पिते.

*(इ) कॅटॅलिटिक कन्व्हर्टर.* सायलेन्सरमधल्या मधमाशांच्या पोळ्यासारख्या चिनीमातीच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम या धातूंचा पातळ थर असतो. विषारी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांचं रूपांतर इथे कमी घातक वायूंमध्ये होतं. कोड पी ०४२० म्हणजे 'हे काम नीट होत नाहीये'. पण कन्व्हर्टर सहसा आपणहून मरत नाही. मिसफायरकडे दुर्लक्ष झालं की न जळलेलं पेट्रोल त्यात जाऊन पेटतं आणि जाळी वितळते. काहीशे रुपयांचा प्लग वेळेवर बदलला नाही म्हणून अनेक हजारांचा कन्व्हर्टर जातो, तो असा.

*(ई) हवेचा मार्ग.* एमआयडीसीतली धूळ, अवजड ट्रकनी उडवलेली माती, रस्त्यांची कामं. आपल्याकडे एअर फिल्टर लवकर भरतो. फिल्टर फाटका असेल तर धूळ हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसते आणि त्याचं मोजमाप चुकतं. रबरी नळीला चीर पडली तर न मोजलेली हवा आत शिरते.

*(उ) सीएनजी किट.* आपल्याकडच्या रिक्षा, व्हॅन, टॅक्सी मोठ्या प्रमाणावर सीएनजीवर चालतात. सीएनजीतल्या मिथेनला जळायला वजनाने सुमारे १७ पट हवा लागते, म्हणजे पेट्रोलपेक्षा प्रमाण वेगळं. बाहेरून बसवलेल्या किटचं ट्यूनिंग बिघडलं की ऑक्सिजन सेन्सर तक्रार करतो. गॅसवर चालताना पेट्रोलचे इंजेक्टर बंद असतात. ते चालू असल्यासारखं ईसीयूला भासवणारा सुटा भाग (एम्युलेटर) बिघडला तरी दिवा लागतो. सोपी चाचणी : दोन-तीन दिवस गाडी फक्त पेट्रोलवर चालवा. दिवा विझला आणि गॅसवर गेल्यावर पुन्हा आला, तर संशय किटवर.

*(ऊ) इंधन आणि पाणी.* आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे मिश्रण थोडं पातळ होतं. ईसीयू बहुतेक वेळा ते सांभाळून घेतो. पण इथेनॉल पाणीही ओढून घेतं. पावसाळ्यात टाकीत पाणी गेलं तर इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि पंप नेमका तळाचाच भाग ओढतो. पेट्रोल भरल्यावर लगेच दिवा लागला तर कुठे आणि कधी भरलं हे मेकॅनिकला जरूर सांगा.

*(ए) वायरिंग.* पावसाळ्यात उंदीर कोरडी, ऊबदार जागा शोधत बॉनेटखाली घुसतात आणि वायरी कुरतडतात. सातपाटी, केळवे, चिंचणी, दांडी या किनाऱ्याच्या गावांत खारी हवा जोडण्यांवर हिरवट थर चढवते. साचलेल्या पाण्यातून गाडी नेली की कनेक्टरमध्ये पाणी शिरतं. अशा वेळी सेन्सर चांगला असतो, पण त्याचं म्हणणं ईसीयूपर्यंत पोचत नाही.

*(ऐ) बॅटरी आणि थर्मोस्टॅट.* बॅटरीचं टर्मिनल सैल असेल किंवा अल्टरनेटर नीट चार्ज करत नसेल तर व्होल्टेज घसरतं आणि एकाच वेळी असंबद्ध चार-पाच कोड येतात. थर्मोस्टॅट उघडाच अडकला तर इंजिन हवं तेवढं तापत नाही, त्याचा कोड पी ०१२८.

*(ओ) डिझेल गाड्या.* बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर (डीपीएफ) असतो. साठलेली काजळी जाळायला गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगाने चालावी लागते. रोज फक्त स्टेशन ते घर, घर ते एमआयडीसी एवढंच चालवलं तर ती संधी मिळत नाही. फिल्टरचा दिवा आधी लागतो. तिकडे लक्ष दिलं नाही की मग चेक इंजिन लागतो.

*आणि पेट्रोलच्या झाकणाचं काय?* इंटरनेटवर पहिलं कारण म्हणून 'झाकण घट्ट लावा' असं वाचायला मिळतं. ते मुख्यतः अमेरिकन गाड्यांसाठी आहे. तिथे टाकीतून वाफ गळते का हे तपासणं गाडीला सक्तीचं आहे. आपले नियम युरोपीय धर्तीवर आले, त्यात ही सक्ती नव्हती. झाकण घट्ट लावाच, पण तेवढ्याने दिवा जाईल म्हणून थांबू नका.

५. कोड म्हणजे निदान नव्हे

या लेखातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हा आहे. स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचं एक सॉकेट असतं. तिथे स्कॅनर लावला की कोड मिळतो. हल्ली मोबाइलला जोडता येणारे छोटे स्कॅनरही मिळतात. पण कोड आला की तो भाग बदलायचा, ही पद्धत चुकीची आहे.

उदाहरण घेऊ. कोड आला पी ०१७१, म्हणजे 'मिश्रणात पेट्रोल कमी'. ही बातमी दिली ऑक्सिजन सेन्सरने. घाईत ऑक्सिजन सेन्सरच बदलला जातो, आणि आठवड्याने दिवा परत येतो. कारण सेन्सर खरं बोलत होता. खरी कारणं अनेक असू शकतात : हवेच्या नळीला चीर, हवा मोजणारा सेन्सर मळलेला, पेट्रोल पंप अशक्त, फिल्टर तुंबलेला, किंवा सेन्सरच्या आधी सायलेन्सरला भोक.

यातलं कोणतं, ते कसं ओळखायचं? हवा मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीत नळीची गळती गाडी उभी असताना, आयडलिंगला जास्त त्रास देते. कारण तेव्हा इंजिन आधीच थोडी हवा घेत असतं, त्यात चोरून आलेली हवा प्रमाणाने मोठी ठरते. उलट अशक्त पंप आयडलिंगला पुरतो, पण चढावर, भार वाढल्यावर कमी पडतो. म्हणजे उभ्या गाडीत आकडे बिघडतात की वाघोबा खिंडीत, एवढं पाहिलं तरी संशयितांची यादी निम्मी होते. चांगला मेकॅनिक हेच करतो. तो कोडवरून प्रश्न तयार करतो आणि चाचणीवरून उत्तर शोधतो.

आपण शिक्षक हे रोज बघतो. गणितात मुलाचे गुण घसरले ही खूण. कारण मात्र चष्म्याचा नंबर असेल, घरची अडचण असेल, किंवा मागच्या इयत्तेतला अपूर्णांक कच्चा राहिला असेल.

६. दिवा लागला तर नेमकं काय करायचं?

१. घाबरू नका. आधी बघा : पिवळा की लाल, स्थिर की लुकलुकता?

२. कधी लागला ते लिहून ठेवा. थंड इंजिन होतं का, चढ होता का, पाऊस होता का, गॅस चालू होता की पेट्रोल, नुकतंच इंधन भरलं होतं का.

३. बॅटरी काढून दिवा घालवू नका. कोडबरोबर ईसीयूने त्या क्षणाचे वेग, तापमान, फेरे यांचे आकडेही जपलेले असतात. बॅटरीची वायर काढली की बहुतेक गाड्यांत हा पुरावा पुसला जातो.

४. दिव्यावर काळी पट्टी लावू नका, दिवा काढू नका. पुढे खरा बिघाड झाला तर तो दिसणारच नाही.

५. मेकॅनिककडे कोड लिहून मागा. कोणती चाचणी करून कोणता भाग बदलायचं ठरलं, हे विचारा. जुना भाग परत मागा. हा अपमान नाही, आपला हक्क आहे.

६. शाळेच्या व्हॅनबाबत पालकांनी चौकशी करावी, पण भांडणाच्या सुरात नको. "काका, हा पिवळा दिवा कधीपासून लागलाय? दाखवून घेतलंत का?" एवढं पुरतं. व्हॅनवाल्या काकांचा रोजचा धंदा त्या गाडीवर आहे, गॅरेजमध्ये एक दिवस गेला तर त्यांचं नुकसान होतं, हे आपणही समजून घ्यावं. पालकांनी मिळून एका दिवसाची वेगळी सोय केली तर गाडी तपासायला त्यांना वेळ मिळतो.

ही काळजी कशासाठी? काही दोषांत ईसीयू इंजिन वाचवायला त्याची ताकदच कमी करतो. मस्तान नाक्यावर किंवा चिल्हार फाट्यावर मुंबई-अहमदाबाद महामार्गाला लागताना मागून ट्रेलर येत असेल आणि व्हॅनने वेग घेतलाच नाही, तर काय होईल याची कल्पना करा.

आणखी एक. दिवा लागलेला नाही म्हणजे गाडी तंदुरुस्त आहे असं नव्हे. ब्रेकची झीज, टायर, दारांच्या कड्या यांतलं काहीही हा दिवा बघत नाही. ती तपासणी वेगळी.

७. वर्गात कसं शिकवाल?

उपक्रम १, तापमान 'बोलतं' कसं : इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात १० किलो-ओहमचा एनटीसी थर्मिस्टर स्वस्तात मिळतो. त्याच्या उघड्या तारांना पाणी लागणार नाही अशी टेप गुंडाळा, मल्टिमीटर जोडा आणि कोमट पाण्यात बुडवा. २५ अंशांना रोध सुमारे दहा हजार ओहम, ५० अंशांना साडेतीन हजारांच्या आसपास दिसेल. मुलांना आलेख काढू द्या. इंजिनचा कूलंट सेन्सर याच तत्त्वावर चालतो. मग एक तार काढा आणि विचारा, "आता ईसीयूला काय वाटेल?" रोध प्रचंड, म्हणजे भयंकर थंडी! बोईसरमध्ये मे महिन्यात बर्फ पडल्यासारखा आकडा आला की ईसीयू ओळखतो, वायर तुटली.

उपक्रम २, पाठ्यपुस्तकाशी जोडणी : दहावीच्या 'रासायनिक अभिक्रिया व समीकरणे' या पाठात ऑक्सिडीकरण, क्षपण, उत्प्रेरक येतात. कन्व्हर्टरचं उदाहरण तिथे घ्या. 'विद्युतधारेचे परिणाम' शिकवताना विद्युतचुंबकीय प्रवर्तनासाठी इग्निशन कॉइल घ्या.

उपक्रम ३, पालक पाहुणे : आपल्या वर्गात एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंट किंवा बॉयलर सांभाळणाऱ्यांची मुलं असतात. १९६९ पासून वीज देणाऱ्या तारापूर अणुऊर्जा केंद्रात काम करणाऱ्यांचीही असतात. अशा एखाद्या पालकांना बोलवा आणि अलार्म पॅनेलबद्दल विचारा. तिथे सहसा 'ॲक्नॉलेज'चं बटण असतं. ते दाबलं की भोंगा थांबतो, पण दोष जाईपर्यंत दिवा पेटलेलाच राहतो. 'मला कळलं' आणि 'मी दुरुस्त केलं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना त्यांच्याच तोंडून ऐकू द्या. परिसरातल्या गॅरेजवाल्या दादांनाही बोलवा. हाताने काम करणारा माणूस वर्गात ज्ञान द्यायला येतो, हे मुलांनी पाहणं मला फार मोलाचं वाटतं.

८. स्वाध्याय

१. चावी फिरवल्यावर दिवा लागून इंजिन सुरू झाल्यावर विझतो. यावरून कोणती खात्री होते?

२. एका व्हॅनचा दिवा फक्त गॅसवर असताना लागतो. तुम्ही आधी काय तपासाल? का?

३. दुसऱ्या व्हॅनला पी ०४२० कोड आला आहे. त्याआधी महिनाभर गाडी धक्के देत होती. फक्त कन्व्हर्टर बदलला तर पुढे काय होईल?

४. घरातल्या किंवा ओळखीच्या एका गाडीचे डॅशबोर्डवरचे सर्व दिवे चावी फिरवल्यावर पाहा. प्रत्येकाचं चित्र, रंग आणि अर्थ यांचा तक्ता बनवा. (गाडी सुरू करू नका, मोठ्यांना सोबत घ्या.)

५. चर्चा करा : "गाडी चालते ना, मग कशाला दाखवायची?" असं म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना तुम्ही पाच वाक्यांत काय सांगाल?

चौथा स्वाध्याय पावसाळ्याआधी द्यावा असं सुचवेन. तक्ता पूर्ण करायला मूल घरी गाडीजवळ जातं, आणि त्या निमित्ताने आई-बाबाही तो पिवळा दिवा जूनचा पहिला पाऊस पडण्याआधी नीट पाहतात. उपक्रम करून पाहिलात तर मुलांनी काय प्रश्न विचारले ते जरूर कळवा.